न धावणारे ‘रन’



कार्यक्रमपत्रिका छापायला गेली तेव्हा संयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. म्हणाले, ‘विषयाच्या रकान्यात नुसतं “रन” असं आलंय. पुढचे शब्द पाठवायचे राहिले का?’ मी म्हटलं, राहिले नाहीत, एवढाच विषय आहे, आणि तासाभराला पुरून उरेल. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि तेही अस्सल मराठीतून. त्यामुळे मराठी व्याख्यानमालेत इंग्रजी शब्दावर बोललेलं त्यांना चाललं असतं. हे ‘चाललं असतं’ तेवढं ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

‘रन’ म्हणजे काय? पाचवीतला मुलगाही सांगेल, धावणे. सांगू दे, बरोबरच आहे. पण मग नाक ‘रन’ होतं ते कुठे धावतं? रस्ता ‘रन’ होतो तो कुठे धावतो? एखादी बाई कंपनी ‘रन’ करते तेव्हा धावतं कोण, बाई की कंपनी? आणि बँकेवर ‘रन’ आला अशी बातमी येते तेव्हा फोटोत माणसं रांगेत गपगुमान उभी कशी दिसतात?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या संशोधित आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद पुन्हा लिहिली गेली. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. नऊ महिन्यांनी अर्थ मोजले तेव्हा ते भरले 645. फक्त क्रियापदाचे. नामाचे वेगळे. 2011 साली हा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला, कारण त्याने जुन्या मानकऱ्याला खाली ओढलं होतं. तो मानकरी म्हणजे ‘सेट’. 1989 साली निघालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाला 430 अर्थ होते आणि त्या एका नोंदीत सुमारे 60,000 शब्द होते. म्हणजे एक बरी कादंबरी. आता 645 ऐकून तुम्ही ‘बापरे’ म्हणालात, मीही म्हणालो होतो. पण हा आकडा मोजला कसा? अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे ठरवतं कोण?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. हा कोश करायचं लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 साली ठरलं. हो, आपल्याकडे उठाव झाला तेच साल. पहिला भाग बाहेर पडला 1884 साली, आणि त्यात अक्षर ‘ए’सुद्धा पुरतं आलं नव्हतं, ‘ए’ ते ‘अँट’, बस्स. शेवटचा भाग आला 1928 साली. संपादक जेम्स मरे 1879 पासून कामाला जुंपले होते, ते 1915 साली गेले. शेवट त्यांना दिसला नाही. त्यांची काम करायची जागा म्हणजे ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवरच्या घराच्या बागेत बांधलेली लोखंडी पत्र्याची खोली. शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसणारा देखावा अडू नये म्हणून ती खोली जमिनीत काही फूट खाली बसवली होती. साहजिकच आत ओल, आणि थंडी मरणाची. पायांना वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून मरे कधी कधी पाय खोक्यात घालून बसत. एवढ्या अवाढव्य शब्दकोशाचा संपादक, पाय खोक्यात! आपल्याकडच्या कोशकारांना मात्र हे चित्र मुळीच अनोळखी वाटायचं नाही. आपल्याकडचे कोशही निधी कमी आणि हौस दांडगी अशा अवस्थेतच झाले.

या खोलीत भिंतीभर खण होते आणि खणांत चिठ्ठ्या. इंग्लंडात, अमेरिकेत आणि इतरत्र शेकडो वाचक पुस्तकं वाचत, एखाद्या शब्दाचा वापर बोलका वाटला की ते वाक्य चिठ्ठीवर उतरवत, वरच्या कोपऱ्यात शब्द लिहीत आणि टपालात टाकत. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. कोशकाराचं काम काय? एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि त्यांचे गठ्ठे करायचे. एक गठ्ठा म्हणजे एक अर्थ.

ऐकायला सोपं वाटतं ना? चला, आपणही करून पाहू. समजा, सहा चिठ्ठ्या हातात आहेत. पहिली, घोडा रन करतो. दुसरी, नदी रन करते. तिसरी, लंडनहून ऑक्सफर्डला रस्ता रन करतो. चौथी, लंडनहून ऑक्सफर्डला गाडी रन करते. पाचवी, मेणबत्तीचं मेण रन होतं. सहावी, धुतल्यावर कापडाचा रंग रन होतो.

घोडा एका बाजूला ठेवू. नदी, मेण आणि रंग एका गठ्ठ्यात घालू, तिन्ही वाहतात. पण थांबा. रंग वाहतो का? तो पसरतो. आपण तर म्हणतो रंग गेला, रंग सुटला. मग त्याचा वेगळा गठ्ठा. आता गाडी. ती घोड्याबरोबर ठेवायची की रस्त्याबरोबर? घोड्यासारखी ती हलते, रस्त्यासारखी ती एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडते. तुम्ही ठामपणे घोड्याबरोबर ठेवलीत, आणि तेवढ्यात सातवी चिठ्ठी आली: ‘ही गाडी रविवारी रन करत नाही.’ इथे वेगाचा काही संबंध उरला का? इथे ‘रन’ म्हणजे सेवेत असणं. झाला आणखी एक गठ्ठा! सहा-सात चिठ्ठ्यांत आपली ही दमछाक, मग हजारो चिठ्ठ्या घेऊन बसलेल्या माणसाला नऊ महिने लागले यात नवल ते काय?

पहिल्या आवृत्तीत ‘आर’ हे अक्षर विल्यम क्रेगी यांच्या वाट्याला आलं होतं. हे गृहस्थ मूळचे स्कॉटलंडमधल्या डंडीचे आणि स्कँडिनेव्हियाच्या भाषांचे गाढे जाणकार. ‘रन’च्या बाबतीत हा योग फार चांगला जुळला, कारण या शब्दाच्या गोतावळ्यात तिकडचं रक्त आहे. आता त्याच गोष्टीकडे येतो. माझ्या मते ‘रन’चं सगळं रहस्य तिथेच आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, ‘रन’ हा एक शब्द नव्हताच. दोन वेगळी क्रियापदं होती. एक ‘रिन्नन’ किंवा ‘इर्नन’, म्हणजे आपण होऊन धावणं, वाहणं. दुसरं ‘एर्नन’, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणं, घोडा पिटाळणं. जर्मन भाषेत अशी जोडी आजही आहे: ‘रिनेन’ म्हणजे ओघळणं, झिरपणं आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणं. त्यातलं दुसरं मुळात पहिल्याचंच प्रयोजक रूप. इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला नवव्या शतकापासून व्हायकिंग लोक वस्ती करून राहिले, तेही आपापली सोयरी रूपं घेऊन आले. या सगळ्या घालमेलीत इंग्रजीतली दोन्ही क्रियापदं एकमेकांत मिसळली. शेवटी उरलं एकच ‘रन’, आणि दोघांची कामं त्याच्या गळ्यात पडली.

यातून काय झालं ते मराठीशी ताडून बघा. आपण म्हणतो घोडा पळतो, स्वार घोडा पळवतो. दुकान चालतं, शेटजी दुकान चालवतो. मध्ये एक ‘व’ आला की कर्ता बदलतो, आणि वाक्य वाचणारा सावध होतो. इंग्रजीने हा ‘व’ गमावला. पाणी ‘रन’ करतं आणि नळ सोडून मी पाणी ‘रन’ करतो. यंत्र ‘रन’ करतं आणि कामगार यंत्र ‘रन’ करतो. बस ‘रन’ करते आणि महापालिका बस ‘रन’ करते. एकच रूप, करणारा तोच आणि करवणाराही तोच. आपण ज्याचे दोन शब्द मानू, ते इंग्रजी कोशात एकाच शब्दाच्या दोन रकान्यांत बसतात. 645 पैकी मोठा वाटा या एका घटनेचा आहे, असं माझं मत आहे.

हे मत मी मुद्दाम ठासून मांडतो, कारण प्रचलित खुलासा निराळा आहे. सायमन विंचेस्टर यांच्यासारख्या लेखकांनी ‘रन’च्या वाढीचं श्रेय यंत्रयुगाला दिलं. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, इंजिनं आली, हे सगळं ‘रन’ होऊ लागलं आणि शब्द फुगला. बसलेल्या, ठेवलेल्या, स्थिर जगाचा शब्द ‘सेट’ मागे पडला आणि धावपळीच्या जगाचा शब्द पुढे गेला. कल्पना देखणी आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण यंत्रं काय फक्त इंग्रजांकडेच आली?

जर्मनांकडे पाहा. त्यांचं इंजिन ‘लाउफेन’ करतं, म्हणजे धावतं. त्यांचा सिनेमा धावतो, संगणकातला प्रोग्रॅम धावतो, सर्दी झाली की नाकही धावतं. म्हणजे जर्मन यंत्र इंग्रजी यंत्राच्या बरोबरीने धावतं. पण जर्मन माणूस कंपनी ‘लाउफेन’ करू शकत नाही. तिथे त्याला वेगळं क्रियापद काढावं लागतं. फ्रेंचांकडे या. त्यांचं यंत्र ‘मार्श’ करतं, म्हणजे चालतं. घड्याळ चालतं, युक्ती चालते, आणि काही जमलं की फ्रेंच माणूस म्हणतो, चालतंय! आता आपल्याकडे या. घड्याळ चालतं, गिरणी चालते, खटला चालतो, सरकार चालतं, नाटक चालतं, खोटं नाणंही कधी कधी चालतं. ‘चहा चालेल का?’ ‘चालेल.’ सुरुवातीला मी म्हटलं ना, सरांना हा विषय चालला असता, तो हाच शब्द.

म्हणजे यंत्र आलं की प्रत्येक भाषेने हाताशी असलेला पायांचा एखादा शब्द त्याला दिला. इंग्रज आणि जर्मन यांनी यंत्राला धावायला लावलं, फ्रेंचांनी आणि आपण चालायला. यंत्राने शब्द वाढवला हे खरं, पण तो सगळीकडेच वाढवला. इंग्रजीत तो दुप्पट वाढला, कारण तिथे चालणं आणि चालवणं एकाच रूपात आधीच येऊन बसलं होतं. मग पॅरिसच्या माणसाला आणि पुण्याच्या माणसाला घड्याळ चालताना दिसलं आणि लंडनच्या माणसाला पळताना, असं का? याला समाधानकारक उत्तर नाही. कोणी त्यावरून राष्ट्रीय स्वभाव काढायला निघालं, इंग्रज घाईचे आणि आपण निवांत असं काहीबाही सांगू लागलं, तर तुम्ही खुशाल चहाला उठावं.

आता सुरुवातीच्या त्या रांगेकडे येऊ. मला स्वतःला या शब्दाचे न हलणारे अर्थ सगळ्यांत मौजेचे वाटतात.

13 सप्टेंबर 2007. ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक या बँकेला बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागावी लागली, अशी बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. म्हातारी माणसं घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मथळे दिले, बँकेवर ‘रन’. 1866 नंतर ब्रिटनमधला असा हा पहिलाच प्रसंग, असंही तेव्हा लिहिलं गेलं. 1866 म्हणजे ओव्हरएंड गर्नी ही लंडनची बडी पेढी बुडाली ते वर्ष. 10 मे रोजी तिने पैसे देणं थांबवलं आणि 11 मेच्या शुक्रवारी लंडनच्या पेढ्यांवर अशी झुंबड उडाली की तो दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून लक्षात राहिला. त्या सुमाराला मुंबईचे शेटही होरपळून निघत होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं, मुंबईच्या कापसाचा भाव कोसळला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या भोवती उभा राहिलेला शेअरचा डोलारा आला खाली. आपल्या लोकांना या ‘रन’ची चव तेव्हापासूनची. पण आपण त्याला काय म्हणतो? झुंबड. रांगा. धाव कोणी म्हणत नाही. इंग्रजाला दिसते ती सगळ्यांनी एकाच वेळी एकाच दाराकडे घेतलेली धाव. आपल्याला दिसतो तो दारापाशी झालेला खोळंबा. प्रसंग तोच. त्याने सुरुवात टिपली, आपण शेवट टिपला.

रस्त्याचंही असंच. तो हलत नाही, पण इंग्रजीत तो ‘रन’ करतो, भिंत ‘रन’ करते, डोंगराची रांग ‘रन’ करते. लेनर्ड टाल्मी नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने अशा वाक्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की वस्तू जागेवरच असते, बघणाऱ्याची नजर तिच्यावरून फिरते, आणि ते फिरणं भाषा वस्तूच्या नावावर मांडते. आपण म्हणतो, हा रस्ता साताऱ्याला जातो. पायवाट वर चढते, भिंत विहिरीपर्यंत येते. इंग्रजाची नजर धावते आणि आपली जाते, येते, चढते, इतकाच फरक. ‘हा रस्ता कुठे जातो?’ ‘कुठे नाही, इथेच असतो,’ हा शाळकरी विनोद इंग्रजीतही करता येतो.

निवडणूक? अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो उभा राहतो. आपल्याकडेही उभाच राहतो. नंतर पाच वर्षं शोधावा लागतो, ती बाब वेगळी.

नाटकाकडे या. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ 25 नोव्हेंबर 1952 रोजी लागलं आणि मार्च 2020 मध्ये करोनामुळे थिएटरं बंद होईपर्यंत सलग चालू राहिलं. मे 2021 मध्ये पुन्हा सुरू झालं. या सलग चालण्याला तिकडे नाटकाचा ‘रन’ म्हणतात. हा अर्थ मराठीत का आला नाही? कारण आपली नाटकाची व्यवस्थाच तशी नाही. आपलं नाटक आज दादरला, उद्या चिंचवडला, परवा कोल्हापूरला. एका थिएटरात बस्तान ठोकून ते वर्षानुवर्षं चालत नाही. म्हणून आपण प्रयोग मोजतो. ‘वस्त्रहरण’ने पाच हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडला, असं आपण सांगतो. शब्द उसना घ्यायला आधी तसा धंदा असावा लागतो.

आणि आता ज्या ‘रन’शिवाय या सभागृहातल्या निम्म्या पुरुषांचा रविवार सुना गेला असता, तो. क्रिकेटचा. तुम्हाला माहीत आहे का, सुरुवातीच्या काळात रन मोजायला लाकडाच्या काठीवर चाकूने खाचा पाडत? एक धाव, एक खाच. त्या काळी धावसंख्येला ‘नॉच’ म्हणजे खाचाच म्हणत. तेव्हा धाव खरोखर धावूनच मिळत होती. पुढे सीमारेषा आली आणि गंमत झाली. आता चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा हलतसुद्धा नाही आणि त्याच्या नावावर चार ‘रन’ लागतात. षटकार मारला तर सहा. न धावता सहा धावा! म्हणजे ‘रन’ने धावणं सोडलं आणि तो हिशेबाचं एक एकक झाला, रुपयासारखा.

इथे मराठीने जे केलं त्याची दाद दिली पाहिजे. आपल्या लोकांनी ‘रन’ला ‘धाव’ म्हटलं, आणि हा न धावणारा अर्थही बिनतक्रार स्वीकारला. ‘त्याने न धावता चार धावा काढल्या’ या वाक्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. शिवाय धावफलक आला, धावचीत आला. बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठीतून केलेलं समालोचन ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना वेगळं सांगायला नको. ‘रन आउट’ला ‘धावचीत’ म्हणणाऱ्याने कुस्तीच्या आखाड्यातला ‘चीत’ उचलला आणि क्रिकेटच्या मैदानात ठेवला. इंग्रजी शब्दात ही मजा नाही!

आता आकड्याकडे परत. 645 हा आकडा निसर्गात सापडलेला नाही, तो पाडलेला आहे. काही कोशकार गठ्ठे फोडणारे असतात, काही गठ्ठे जोडणारे. त्याच चिठ्ठ्या जोडणाऱ्याच्या हाती दिल्या तर दीडशेतही भागेल. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला कोश काढला, त्यात ‘टेक’ या क्रियापदाचे 134 अर्थ दिले. प्रस्तावनेत त्यांनी ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘गो’, ‘रन’, ‘टेक’ अशा क्रियापदांची यादीच दिली आहे. हे शब्द इतके सैल आणि इतके सर्वत्र वापरले जातात की त्यांचा माग काढता काढता हात टेकायची पाळी येते, अशी त्यांची तक्रार. आणि गंमत पाहा, ही सगळी घरगुती क्रियापदं आहेत. मोठमोठ्या लॅटिन शब्दांनी जॉन्सनना दमवलं नाही, दमवलं ते या दोन-चार अक्षरी पोरांनी.

हे असंच होणार. जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 साली आकडेमोड करून दाखवलं की शब्द जितका वारंवार वापरला जातो तितके त्याला अर्थ जास्त. ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ, कारण तो शब्द वर्गाबाहेर कोणी काढत नाही. ‘रन’ दिवसभर तोंडात असतो, म्हणून कुठल्याही कामाला त्यालाच पुढे करतात.

मग इंग्रज पोराचं कसं चालतं? ते काही 645 अर्थ पाठ करत नाही. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ 1919 ते 1928 या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला त्यांनी मोठं नाव कमावलं. त्यांचा आग्रह असा की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याला हे कोणी नव्याने सांगायला नको. आपल्या आज्या माणसांच्या बाबतीत हेच सांगत आल्या. ‘रन’च्या आधी नाक आलं की पुढचं आपोआप कळतं. आधी बँक आली, कंपनी आली, प्रोग्रॅम आला, तरी कळतं. नंतर छोटे शब्द येतात त्यांची तर निराळीच तऱ्हा. ‘रन आउट’ म्हणजे संपणं, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक भेटणं किंवा जाऊन आदळणं, आणि ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणं किंवा मुद्द्यांवरून भरभर नजर टाकणं. अध्यक्षांनी सभेला मुद्द्यांवरून ‘रन ओव्हर’ करायला सांगितलं तर कोणी ॲम्ब्युलन्स बोलावत नाही. आपल्याकडेही संधी ‘चालून येते’ आणि शत्रूवर ‘चालून जातात’. येणं आणि जाणं एवढाच फेर, पण एकाने नशीब उघडतं आणि दुसऱ्याने लढाई पेटते.

शेवटी ‘रन’ने मराठीत काय काय ठेवलंय ते पाहू. हा भाग कोशात मिळत नाही, तो बाजारात मिळतो. मुंबईत लोकलच्या दारात कोणीतरी ओरडतं, ‘रनिंगमध्ये चढू नको!’ घरी सुतार येतो, कपाटाचं माप घेतो आणि म्हणतो, ‘रनिंग फुटाचा भाव सांगू का स्क्वेअर फुटाचा?’ सरळ लांबीत मोजायचं ते रनिंग फूट. कपाट भिंतीला खिळलेलं, आणि त्याचा भाव मात्र रनिंग. ठेकेदार ‘रनिंग बिल’ लावतो, म्हणजे काम पुरं व्हायच्या आत टप्प्याटप्प्याने काढलेलं बिल. घरात शिवण करणाऱ्या बायकांना मात्र या शब्दाची गरज पडली नाही. त्यांच्याकडे ‘धावदोरा’ होता, सरळ पुढे पुढे जाणारा टाका. इंग्रजीत त्याच टाक्याला ‘रनिंग स्टिच’ म्हणतात. दोन्हीकडच्या बायकांना हातातली सुई धावताना दिसली.

रेल्वेचा तर कारभारच न्यारा. इंजिनचालक आणि गार्ड यांना तिथे ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात. ही मंडळी एका गावाहून गाडी घेऊन दुसऱ्या गावी येतात आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथे त्यांना झोपायला, जेवायला खोली मिळते. त्या खोलीचं नाव ‘रनिंग रूम’. आत अंधार, पंखा, घोरणं. त्यात ‘रनिंग’ काही नाही. पण धावणाऱ्या नोकरीतल्या माणसांची ती खोली, म्हणून ‘रनिंग’. पाटीवरही देवनागरीत तसंच लिहितात आणि त्याचं भाषांतर करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. शहाणपणाच आहे तो.

आणि फलाटावरची ती घोषणा तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. गाडी अमुक मिनिटं उशिराने धावत आहे. गाडी कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला थांबलेली असते, आतले लोक घामाघूम होऊन खिडकीतून वाकून बघत असतात, आणि घोषणेप्रमाणे ती धावत असते! एरवी आपली यंत्रं चालतात, हे मघाशी पाहिलंच. गिरणी चालते, मोटार चालते, पंप चालतो. मग आगगाडीच कशी काय धावू लागली? मला वाटतं, इंग्रजी वेळापत्रकातलं ‘रनिंग लेट’ मराठीत शब्दाला शब्द लावून उतरलं आणि रुळलं. वर्तमानपत्रांतही बघा, ‘मध्य रेल्वे उशिराने धावत होती’ असंच छापतात. घरी येऊन उशिराचं कारण सांगताना मात्र कोणीही असं बोलत नाही. घरी आपण म्हणतो, ‘गाड्या लेट होत्या.’

उसनवारीची ही पद्धत मला मोठी शहाणी वाटते. इंग्रजी कोशात 645 गठ्ठे आहेत, त्यातले आपण मोजके उचलले. क्रिकेटचा उचलला आणि त्याला मराठी नाव दिलं. सुताराचा, ठेकेदाराचा, रेल्वेचा उचलला आणि नावासकट ठेवला. संगणकाचा तर कालपरवाच आला, आता पोरं म्हणतात ‘कोड रन होत नाहीये’, आणि ‘रन’ला ‘होणे’ जोडून मोकळी होतात. पण दुकान, घर, संस्था, व्याख्यानमाला यांना ‘रन’ लागला नाही, कारण तिथे ‘चालवणे’ जागेवर हजर होतं. पूर्ण शब्द म्हणून ‘रन’ मराठीत आलाच नाही. त्याच्या सुट्या चिठ्ठ्या आल्या, ज्याच्या त्याच्या धंद्याबरोबर, ज्याच्या त्याच्या वेळी. तुमच्याकडे पुढच्या वेळी सुतार आला की त्याला विचारून पाहा, रनिंग फुटातलं ‘रनिंग’ आणि लोकलच्या दारातलं ‘रनिंग’ एकच का? तो तुमच्याकडे बघेल, टेप गुंडाळेल आणि म्हणेल, ‘त्याचा काय संबंध साहेब?’